तलवारींच्या छक्कीत नाव कुठे आहे? (चर्चा: टॅरोचे कॅट, म्हणजे पत्त्यांचे संच, बदलत राहावेत का)

सुरसागरकाठची

गेल्या रविवारी मावशीकडे टॅरो, म्हणजे भविष्य बघायचे पत्ते, मांडला. दांडिया बाजारातलं जुनं घर, जमिनीवर चटई, पानं उडू नयेत म्हणून पंखा बंद आणि सगळे घामाघूम. प्रश्न म्हणजे बडोद्याचा घरोघरचा प्रश्न, मावसभावाचा कॅनडाचा विसा. नेहमीचा रायडर-वेट कॅट न नेता मी मार्सेय नेला होता. नवीन घेतलाय, मिरवायचा होता, खोटं कशाला बोलू.

तिसरं पान आलं तलवारींची छक्की. मी लगेच, "मावशी, नाव निघालीय, पैलतीर दिसतोय, जाणार तो." मावशीने चष्मा लावला, पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. "नाव कुठे गं? मला तर फूल दिसतंय."

फूलच आहे. मार्सेयच्या छक्कीत सहा वाकड्या तलवारींची कमान आणि मधोमध देठ तोडलेलं एक फूल, बाकी काही नाही. ती नाव, तो नावाडी, डोक्यावरून पांघरूण घेऊन पाठमोरी बसलेली बाई, तिच्याजवळचं मूल, हे सगळं पामेला कोलमन स्मिथने काढलं, लंडनला १९०९ मध्ये निघालेल्या रायडर-वेट कॅटसाठी. म्हणजे मी हातातलं पान वाचलंच नाही, डोक्यातलं वाचलं.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: तिन्ही परंपरांत पानं ७८च, २२ हुकमाची आणि ५६ साधी. मार्सेय सगळ्यात जुनी, तिच्या साध्या पानांवर, राजा-राणी वगैरे सोडून, नुसत्या काठ्या, पेले, तलवारी, नाणी मोजायची. रायडर-वेटमध्ये जवळजवळ प्रत्येक पानावर प्रसंग. तिसरा थॉथ: अलिस्टर क्राउलीची कल्पना, फ्रीडा हॅरिसची चित्रं, आणि बहुतेक साध्या पानांवर खाली अर्थाचा एक शब्द छापलेला. त्यात हीच छक्की आली की लिहिलेलं असतं 'विज्ञान'.

माझं मत असं: कॅट बदलायला हरकत नाही, पण बदलला तर पूर्ण बदला. एकाची चित्रं आणि दुसऱ्याचे अर्थ हे चालू नये. तुम्ही काय करता?

पिसलेले_पत्ते

ताई, तुमच्या गोष्टीतच उत्तर आहे, तरी प्रश्न विचारताय. नऊ वर्षं एकच कॅट वापरतोय, कडा काळ्या पडल्यात, पेल्यांच्या राणीवर चहाचा डाग आहे. पान उलटायच्या आधी मला कळतं कोण आलंय. अर्थ पुस्तकातून येत नाही, सवयीतून येतो, आणि दर तीन महिन्यांनी भाषा बदलणाऱ्याला कसली सवय लागणार? गवई फैयाज खाँसाहेबांच्या गावात राहता, घराणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

सुरसागरकाठची

खाँसाहेब आग्र्याचे खरे, पण धृपद-धमार झाल्यावर त्याच गळ्यातून ठुमरीही यायची. घराणं सोडलं असं कुणी म्हटलं नाही.

पिसलेले_पत्ते

ठुमरी गाताना ठुमरीच गायचे ना? धमारात ठुमरीची मुरकी घातली असती तर श्रोते उठून गेले असते. तुमची मावशी चष्मा लावून उठलीच.

ठसेवाली

फाइन आर्ट्सला छापकामच शिकले, म्हणून राहवत नाही. तुम्ही दोघंही साध्या पानांवर प्रसंग नसणं ही मार्सेयची "परंपरा" धरून चाललाय. अहो, ते खेळायचे पत्ते होते! टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आला तो खेळ म्हणून. त्यावरून भविष्य सांगायची टूम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. लाकडी ठशावर कोरायचं, छापायचं, मग स्टेन्सिल ठेवून लाल, निळा, पिवळा भरायचा. रोज गठ्ठेच्या गठ्ठे काढणारा कारागीर सत्तीवर प्रसंग कशाला कोरेल? खेळणाऱ्याला लांबून चटकन मोजता आलं की झालं. वाकड्या तलवारींच्या कमानी एकसारख्या दिसतात. त्यात विषम आकड्याला मधे सरळ तलवार आणि, दश्शी सोडून, सम आकड्याला फूल टाकलं की नजर चुकत नाही. तुमच्या फुलाचा मला तरी एवढाच अर्थ दिसतो.

आणि १९०९ मध्ये साध्या पानांवर चित्रं पहिल्यांदाच आली असंही नाही. सोला-बुस्का नावाचा पंधराव्या शतकाच्या अखेरचा इटालियन कॅट आहे, सध्या मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात. त्यात साध्या पानांवरही माणसं आहेत. त्याचे फोटो १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आले. त्यातली तलवारींची तिर्री काढून पाहा: हृदयात घुसलेल्या तीन तलवारी. आता पामेलाची तिर्री शेजारी ठेवा. परंपरा शुद्ध ठेवायची म्हणता, तर आधी तिची पानं वगळा मग!

(जाता जाता: त्या बाईला या कामाचे फार थोडे पैसे मिळाले, १९५१ मध्ये कर्जात वारली, आणि कॅट ओळखला जातो प्रकाशक रायडर आणि कल्पना मांडणाऱ्या वेटसाहेबांच्या नावाने. पानांच्या कोपऱ्यात तिची नागमोडी सही आहे, भिंग घेऊन बघा.)

अकरा_की_आठ

छक्कीचं सोडा, हुकमाच्या पानांचं बोला. खरा घोळ तिथे आहे. माझ्याकडे एक बाई आल्या. जन्मतारखेची बेरीज आठ. आधी कुणीतरी त्यांना सांगितलेलं, तुमचं पान 'शक्ती', सिंहाचा जबडा धरणारी बाई, तुम्ही सगळ्यांना प्रेमाने जिंकाल. मी मार्सेय मांडतो. माझ्याकडे आठ म्हणजे 'न्याय', हातात तराजू आणि तलवार. त्या म्हणाल्या, "भाऊ, नक्की काय ते ठरवा, मी सहा महिने सगळ्यांना प्रेमाने जिंकतेय."

झालंय असं की जुन्या कॅटमध्ये न्याय आठवा आणि शक्ती अकरावी. वेटने दोघींची अदलाबदल केली आणि कारण काय ते जाहीरपणे सांगितलं नाही. ज्या गुप्त मंडळात तो होता तिथे हुकमाची पानं राशींना जोडत. सिंह रास तुळेच्या आधी येते, म्हणून सिंहवाली आधी आणि तराजूवाली नंतर. क्राउली त्याच मंडळातला, त्याने राशी ठेवल्या पण आकडे जुनेच ठेवले आणि नावं बदलली. आता सांगा, तिन्ही कॅट फिरवणारा माणूस या बाईंना काय सांगणार?

मी तर म्हणेन आपल्याकडे जुनाच क्रम बसतो. आठ म्हणजे शनी, आणि शनी म्हणजे न्याय. बडोद्यातल्या कुठल्याही शनिवारच्या रांगेत विचारा.

पिसलेले_पत्ते

वा! मार्सेयची बाजू घ्यायला शनिमहाराज. वेटने राशी घुसवल्या म्हणून त्याला नावं ठेवायची आणि आपण शनी घुसवायचा.

अकरा_की_आठ

घुसवला. निदान जाहीरपणे घुसवला.

नास्तिक_नाना

विसा कॅनडा सरकार देतं. छक्की देत नाही. पण एक कौतुक वाटलं: तीन कॅट ठेवले की एकाच छक्कीची तीन उत्तरं मिळतात, प्रवास, फूल आणि विज्ञान, आणि गिऱ्हाइकाला हवं ते उचलता येतं. धंद्याला चांगलं आहे.

सुरसागरकाठची

नाना, मी पैसे घेत नाही, मावशीने शेवउसळ खाऊ घातली तेवढीच. पण टोमणा लागला. रविवारी रात्री घरी येऊन मी तोच प्रश्न रायडर-वेटवर पुन्हा मांडला होता, हे वर लिहिलं नव्हतं. पेल्यांची अठ्ठी आली. रात्रीच्या वेळी पेले मागे टाकून डोंगराकडे चालत निघालेला माणूस. मनात म्हटलं, बघा, जाणारच. मग थॉथ काढला, खुमखुमी. त्यातही अठ्ठीच आली, आणि खाली छापलेलं होतं 'आळस'. साचलेलं पाणी, गळके पेले. एकात माणूस उठून निघालाय, दुसऱ्यात काही हलतच नाहीये. मी कुठली अठ्ठी मावशीला सांगितली असती ते मला माहीत आहे.

पिसलेले_पत्ते

हेच तर मी म्हणतोय! कॅट बदलणं हा परत डाव मांडायचा सभ्य मार्ग आहे.

गंजिफा_१२०

वय ७४, मांडवीजवळ राहतो. टॅरो येत नाही, नात मांडते म्हणून हे वाचत बसलो. लहानपणी सावंतवाडीहून आलेली दशावतारी गंजिफा आमच्या घरी होती. गोल पानं, १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. आजी खेळायची. तिच्यासमोर आम्ही बसलो की पहिली चूक ठरलेली. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा, दश्शी सगळ्यात खाली. इंग्रजी पत्त्यांची सवय असलेला माणूस ऐटीत दश्शी टाकायचा आणि आजी एक्क्याने हात उचलायची. बोलायची काही नाही, नुसती हसायची.

नातीने परवा दाखवलं की टॅरोच्या जुन्या खेळातही हेच होतं: तलवारी आणि काठ्यांत दश्शी मोठी, पेले आणि नाण्यांत एक्का मोठा. मला गंमत वाटली. तेव्हा पत्तेभाऊ, तुमच्या पेल्यांच्या दश्शीला तुम्ही भरल्या घराचं सुख म्हणता, नातीने तसं सांगितलं. जुना खेळाडू ते पान सगळ्यात आधी फेकून मोकळा झाला असता.

आजी ब्रिजही उत्तम खेळायची. गंजिफा मांडली की ब्रिज विसरायची, एवढंच.

पिसलेले_पत्ते

काका, आजींपुढे नमस्कार. पण त्या दोन्ही खेळांत मुरल्या होत्या. इथे महिनाभरापूर्वी घेतलेल्या मार्सेयवर लोकांचे विसे ठरतायत.

ठसेवाली

हे मात्र मान्य.

अकरा_की_आठ

मला मान्य नाही, मुरणार कधी, मांडल्याशिवाय? थॉथ घेतला तेव्हा मी दोन महिने घोडेस्वाराला तरुण पोरगा समजत होतो. त्या कॅटमध्ये राजा नाहीच, घोडेस्वारच घरचा कर्ता, खाली राणी, राजपुत्र, राजकन्या. एका सासरेबुवांना मी त्यांचाच जावई म्हणून वर्णन करून सांगितलं. ते रागावले, आणि तेव्हा कळलं. घरी एकटा बसून नसतं कळलं.

नास्तिक_नाना

सासरेबुवांचा पत्ता द्या, भेटायचंय.

सुरसागरकाठची

मावशीचा आत्ताच फोन आला होता. विसाचं अजून काही नाही. म्हणाली, "त्या फुलाचं काय ते सांगितलंच नाहीस." मी म्हटलं, सहाजण तलवारी घेऊन उभे आहेत आणि मधल्या फुलाला कुणी हात लावलेला नाही, एवढंच दिसतंय. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सहा कशाला, आमच्याकडे जाऊ नको म्हणणारे आठ आहेत."

पुढच्या रविवारी जुना रायडर-वेटच नेतेय. मार्सेय रोज सकाळी चहाबरोबर एक पान, फक्त माझ्यासाठी. आज नाण्यांची चौकी आली, अर्धा तास बघत बसले, चहा गार झाला.