मदत हवी आहे: क्रिस्टा घेतली, चालवणारे तिघं, सवयी मात्र स्विफ्टच्याच

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीचे, गावभागातले. घरात लहानथोर धरून सात माणसं. इतके दिवस स्विफ्टवर भागवलं. आता आईचे गुडघे आणि पोरांची दप्तरं एका गाडीत मावेनात, म्हणून दिवाळीनंतर सेकंडहँड इनोव्हा क्रिस्टा घेतली. २.४ डिझेल, मॅन्युअल. चालवतो तिघं: मी, बायको आणि धाकटा भाऊ. (दुसरी कुठली गाडी घ्यायला हवी होती ते कृपया सांगू नका, घेऊन झालीय.)

भावाचं म्हणणं, मोठी गाडी म्हणजे सेफ, समोरचा आपोआप बाजूला होतो. होतोही. पण उसाची ट्रॉली कुठं बाजूला होणार? हंगाम ऐन भरात आहे. रात्री पेठ नाक्याकडं निघालं की पुढं डबल ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. ट्रॅक्टरवर गाणी एवढी मोठी की हॉर्न ऐकू जात नाही. भाऊ ट्रॉलीच्या बुडाला गाडी चिकटवतो आणि नाक बाहेर काढून गॅप शोधतो. क्रिस्टा स्विफ्टपेक्षा जवळजवळ ९० सेंटिमीटर लांब, वजनाला दीडपटीहून जास्त. अण्णांनी सांगितलं, भावजयीनं सांगितलं, उपयोग शून्य. ‘हळू चालव’ एवढ्यावर तो ऐकणारा नाही, त्याला कारण लागतं.

शिवाय जानेवारीत आंबा घाटातून गणपतीपुळ्याला जायचं आहे, सगळे एकाच गाडीत. पोरं शेवटच्या रांगेत, त्यांच्या मागं बॅगा. काय काळजी घ्यायची?

प्रतिसाद १
दादा, मी मिरजेत टुरिस्टची इनोव्हा चालवतो. भावाला एवढंच सांगा की चिकटल्यावर ओव्हरटेक लवकर होत नाही, उशिरा होतो, कारण पुढचं काहीच दिसत नाही. मागं सरकलं की ट्रॉलीच्या उजवीकडनं रस्ता उघडतो. ट्रॉली एखाद्या खांबापाशी गेली की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणायचं. आपण त्याआधी खांबापाशी पोचलो तर जवळ आहोत. ६० च्या वेगाला तीन सेकंद म्हणजे ५० मीटर. रात्री, पावसात किंवा गाडी भरलेली असेल तर आणखी जास्त. बाहेर पडायच्या आधी गिअर उतरवा, बाहेर पडल्यावर नव्हे. आणि डावी-उजवीकडं शेताचा रस्ता दिसतोय का बघा. ट्रॅक्टरवाला इंडिकेटर न देता वळतो.

घाटात उतरताना ज्या गिअरला चढाल त्याच गिअरला उतरा. सात माणसं घेऊन नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात, वास येतो, मग पेडल दाबूनही गाडी पाहिजे तशी थांबत नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

प्रतिसाद २
बॅगांचं आधी बघा. जोरात ब्रेक लागला तर त्या पोरांच्या डोक्यावर येणार. जड सामान खाली, सीटच्या पाठीला टेकवून. पाठीच्या उंचीच्या वर काही रचू नका. कॅरिअरवरही जड काही नको, वळणावर गाडी कलते. पोरांना मधल्या रांगेत घ्या, शेवटच्या रांगेत मोठी माणसं बसू देत. बेल्ट मागच्यांनाही कायद्यानं सक्तीचा आहे. हेडरेस्ट वर ओढून ठेवा, बहुतेकांचे खाली दाबलेलेच असतात.

आणि गाडी भरली की मागून बसते, दिवे वर होतात, समोरच्याचे डोळे दिपतात. हेडलाइट खाली करायची चक्री असेल तर ती फिरवा. टायरच्या हवेचा भरलेल्या गाडीसाठीचा आकडा वेगळा असतो, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर मिळेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. भावाला हे वाचायला दिलं. मधल्या रांगेवरून आईची थोडी कुरकुर आहे, तिला खिडकी लागते. भावाची शंका अशी की ५० मीटर सोडले तर मधे बाइकवाले शिरतात, मग काय?

प्रतिसाद १
शिरू द्या की. तुम्ही परत थोडं मागं सरका. पेठेपर्यंत फार तर दोन-तीन मिनिटं उशीर होईल. आणि आईंना मधल्या रांगेतच डावी खिडकी द्या, उतरायलाही सोपं.