मदत हवी आहे: १९८६ ची पद्मिनी शहरात थंड, घाटात उकळते

मंडळी, नमस्कार.

बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी पेट्रोल, गियर स्टेअरिंगच्या दांड्यावर. याच गाडीतून मी शाळेत गेले, याच गाडीतून सासरी. मधली सहा वर्षं ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दिवाळीत इंजिन उघडून पूर्ण बांधून घेतलं: रिंगा, बेअरिंगं, हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) फेसिंग म्हणजे घासून सपाट करणं, नवं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सील). त्यानंतर पंधराशे किलोमीटर झालेत.

पुण्यात गाडी अगदी शहाण्यासारखी चालते. सिंहगड रोडच्या जाममध्ये चाळीस मिनिटं अडकलो, तरी तापमानाचा काटा मध्याच्या जेमतेम वर. पण मागच्या महिन्यात साताऱ्याला निघालो आणि खंबाटकीत तिसऱ्या गियरवर चढताना निम्म्या घाटात काटा लाल पट्टीला भिडला. कडेला घेऊन बॉनेट उघडलं, तर रेडिएटरच्या ओव्हरफ्लो नळीतून वाफ. बाबांनी कॅपला हात लावू दिला नाही. पाऊण तास थांबलो, मग सव्वा लिटर पाणी मावलं. पुढे सपाटीवर ५० च्या वेगाने ठीक, ७० ला गेलं की काटा पुन्हा वर.

परत आल्यावर आमच्या फिटरकाकांनी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकला, वॉटर पंप नवा बसवला, फॅन बेल्ट ताणला, कूलंट बदललं. कात्रजच्या जुन्या घाटात नेऊन पाहिली, फरक शून्य. आता ते म्हणतात, हेड परत उघडू. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ते पुन्हा पुन्हा काढायची मला भीती वाटते. बाबा ७६ वर्षांचे आहेत. चैत्रात गावच्या यात्रेला याच गाडीने जायचं त्यांच्या मनात आहे. हेड उघडण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येईल? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
ताई, हेड अजिबात उघडू नका. मी बावीस वर्षं मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सींची कामं केली, त्यातल्या बहुतेक पद्मिनीच होत्या. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे. गाडी जाममध्ये गरम होऊन पळताना थंड होत असेल तर दोष हवेचा: फॅन, बेल्ट, श्राउड (फॅनभोवतीचं कडं). तुमचं नेमकं उलट आहे. उभी असताना इंजिन थोडीच उष्णता काढतं, तेवढी रेडिएटर कशीबशी निभावतो. घाटात इंजिन जोर लावतं, उष्णता कितीतरी पटींनी वाढते, आणि तेव्हा पाणी पुरेसं फिरत नाही किंवा फिरून थंड होत नाही. थर्मोस्टॅट काढूनही गरम झाली म्हणजे तो बिचारा दोषी नव्हताच. तो परत बसवायचा आहे, नाहीतर इंजिन एरवी थंडच चालेल आणि नव्या रिंगा लवकर झिजतील.

आधी काटा खरा बोलतोय का ते बघा. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन पाचशे-सातशेत मिळते, ती वरच्या होजच्या तोंडाशी धरा. मग रेडिएटरच्या जाळीवर ओळीने वरपासून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे. आकडे इथे टाका.

प्रतिसाद:
इंजिन नुकतंच बांधलंय तर मला टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेचा संशय येतो. कानाने लावलेलं टायमिंग पुष्कळदा मागे असतं. ठिणगी उशिरा पडली की जळण एक्झॉस्टपर्यंत रेंगाळतं आणि ती उष्णता हेडच्या पाण्यात उतरते. डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) कॅप काढून रोटर हाताने फिरवायच्या दिशेने वळवा आणि सोडा. तो झटकन मागे यायला हवा. सहा वर्षं उभ्या गाडीत आतली वजनं गंजून अडकतात, मग वेग वाढला तरी टायमिंग पुढे सरकत नाही. गाडी ओढत नसेल तर हेच आधी बघा.

आणखी एक, चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवून पाहा. ब्रेक चिकटत असेल तर इंजिन विनाकारण राबतं.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. रविवारी दिवसभर हेच केलं.

चाकं मोकळी आहेत. रोटर मागे येतो. टायमिंग लाइट मागून आणून पाहिली, वेग दिला की खूण सरकते. हेड गॅस्केटसाठी कुणीतरी फोनवर सांगितलं होतं तेही केलं: थंड इंजिन, कॅप उघडी, चालू करून पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहिलं. एकही नाही. ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ नाही.

पण गनचे आकडे बघा. गाडी वीस मिनिटं चालवून आणल्यावर वरचा होज ९१, रेडिएटरचा डावा भाग वरून खाली ८४ ते ६८. उजवीकडचा खालचा साधारण तिसरा हिस्सा मात्र ४३, ४१, ४४. तिथे हात ठेवता येतो!

प्रतिसाद:
सापडलं. त्या भागातल्या नळ्या बंद आहेत, तिथे पाणी जातच नाही. सहा वर्षं साधं पाणी भरून उभी होती ना? बोअरचं असेल तर क्षार आणि गंज मिळून चिखल होतो. इंजिन बांधताना ब्लॉकच्या जॅकेटमधला (पाणी फिरायच्या पोकळीतला) गाळ सुटतो आणि तोही रेडिएटरमध्येच येऊन बसतो. नुसत्या केमिकल फ्लशने हे निघणार नाही. तांब्या-पितळेचा मूळ रेडिएटर असेल तर टाक्या डाख सोडून उघडायच्या आणि नळ्यांमधून पट्ट्या मारून (आत पट्टी घालून खरवडून) घ्यायच्या. त्याच वेळी ब्लॉकचा ड्रेन उघडून उलट्या दिशेने पाणी मारा, नाहीतर महिन्यात परत हेच.

पण थांबा, अजून एक काम आहे. इंजिन गरम असताना कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर द्यायला सांगा आणि तुम्ही खालच्या होजकडे बघा. पंख्यापासून हात आणि ओढणी लांब.

धागाकर्ती:
अंगावर काटा आला. बाबांनी वेग वाढवला आणि माझ्या डोळ्यांसमोर खालचा होज चपटा होत गेला, कुणी आतून श्वास ओढावा तसा. वेग सोडला की परत गोल. हा होज इंजिन बांधताना नवा टाकलाय. डिकीत जुना पडला होता तो कापून पाहिला, तर आत गंजलेली तारेची स्प्रिंग!

प्रतिसाद:
ती स्प्रिंग याचसाठी असते. खालच्या होजमधून पंप पाणी ओढतो. रेडिएटर तुंबलेला असला की ओढ वाढते, मऊ होज मिटतो, आणि इंजिनाला पाणी सगळ्यात जास्त हवं असतं नेमकं तेव्हाच वाट अरुंद होते. म्हणून ७० ला गरम, ५० ला ठीक. कॅपचा रबर पण बघा. दाब धरला तर होज मिटायला एवढा सोपा नसतो. शिवाय प्रत्येक पौंड दाबामागे पाणी साधारण दीड अंश उशिरा उकळतं. तुमची कॅप नक्की लीक असणार.

धागाकर्ती:
कॅपचा रबर चिरलेला निघाला. रेडिएटर नाना पेठेजवळ एका जुन्या कारागिराकडे दिला. त्यांनी खालची टाकी उघडली तर वाटीभर तांबडा गाळ. जाड होज स्टीलच्या स्प्रिंगसह टाकला, कॅप नवी, डिस्टिल्ड पाण्यात कूलंट. ब्लॉकमधून आधी चहासारखं पाणी आलं, तिसऱ्या बादलीला नितळ.

काल पहाटे खंबाटकी चढलो. तिसरा गियर, बाबा चालवत होते, मी गन घेऊन शेजारी. माथ्यावर थांबून मोजलं: वरचा होज ८६, काटा मध्यावर. बाबा काही बोलले नाहीत, फक्त बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

आता शेवटचा प्रश्न: थर्मोस्टॅट ८२ अंशांचा घेऊ की ८८ चा? दुकानात दोन्ही आहेत.

प्रतिसाद:
८२ चा. बसवण्याआधी दोऱ्याला टांगून पाण्याच्या पातेल्यात सोडा, पाणी तापवा आणि किती अंशाला उघडतो ते थर्मामीटर लावून बघा. नवा माल पण अडकलेला निघतो. यात्रेला जाताना पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि जादा फॅन बेल्ट डिकीत ठेवा.