कोकणकड्याचे फोटो राखाडी का येतात
एकाने विचारलंय की हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचं धुकं पांढरं न येता मळकट राखाडी का येतं. दोष कॅमेऱ्याचा नाही. समोर सगळं पांढरं असलं की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याला मधल्या राखाडीवर ओढतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सोय) +०.७ ते +१ ठेवा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या टोकाला चिकटत नाही ना, तेवढं बघा. मोबाइलवर धुक्यावर बोट दाबून स्लायडर थोडा वर सरकवा. धुक्यात ऑटोफोकस चाचपडतो, म्हणून कड्याच्या कडेवर फोकस धरून मॅन्युअल करा.

कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी त्याचा कातळ सावलीत असतो, ऊन पडतं ते दुपारनंतर. कड्याचा घोड्याच्या नालेसारखा बाक हवा असेल तर मधोमध उभं राहू नका, एका टोकाकडे सरका. १६ मिमीच्या रुंद लेन्सवर खोली उलट सपाट दिसते. ३५ च्या आसपास उभ्या फ्रेम एकतृतीयांश एकमेकींवर चढवत घ्या आणि नंतर जोडा. कडेला टेकायचं तर पालथं झोपूनच, दरीतून वर येणारा वारा बेभरवशाचा असतो.

इंद्रवज्राची, म्हणजे धुक्यावर दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची, वेळ सकाळची: सूर्य पाठीशी, धुकं खाली दरीत. वर्तुळाच्या मध्यभागी नेहमी स्वतःचीच सावली येते, शेजारच्याला त्याची. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक कमी करणारा फिल्टर) मात्र काढून ठेवा. तो फिरवला की रंग फिके पडतात आणि माणूस उगाच धुक्याला दोष देत बसतो.