पैसे न घालता रीलचा रीच कसा वाढवायचा?

फराळ_सदाशिवपेठ: घरगुती फराळाचं इन्स्टाग्राम पान आहे. रील आहे त्या फॉलोअर्सच्या पलीकडे जातच नाही. जाहिरात परवडत नाही. काय करू?

कोथरूडकर: ताई, आधी सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट स्टेटस’ बघा. तुमच्या रील अनोळखी लोकांना सुचवल्या जातात का, ते तिथे कळतं. दुसऱ्या ॲपचा वॉटरमार्क, म्हणजे व्हिडिओवर उमटलेला त्याचा शिक्का, असेल तर रील मागे पडते, म्हणून मूळ फाइलच चढवा, 9:16 म्हणजे उभ्या आकारात. मग इन्साइट्समधला (रीलच्या आकडेवारीतला) रिटेन्शनचा, म्हणजे लोक कुठवर बघत राहतात त्याचा, आलेख उघडा. पहिल्या 3 सेकंदांत तो कोसळत असेल तर लोगो, नमस्कार सगळं कापा. चकली तेलात सुटते तिथूनच सुरुवात करा.

पर्वती_पायथा: हॅशटॅगांचा ढीग नको. कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत ‘पुण्यात भाजणीची चकली’ लिहा, लोक तसंच शोधतात. इन्स्टाग्रामप्रमुख मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये सांगितलंय की अनोळखी प्रेक्षकांसाठी लाइकपेक्षा सेंड जास्त मोलाचे. म्हणजे बहिणीला पाठवावंसं वाटेल असं काही द्या: मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, तेल कमी तापलं की मऊ पडते. हे कढईजवळून दाखवा.

कोथरूडकर: अगदी बरोबर. आणि फॉलोअर्स विकत अजिबात घेऊ नका. ते रील बघत नाहीत, आकडे मात्र बिघडवतात.