अमेरिकेने मदत थांबवली आणि लोटे एमआयडीसीतला ओव्हरटाइम गेला, संबंध काय?

खेडचा_भाचा: मंडळी जरा समजावून सांगा. माझा मामेभाऊ लोटे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ड्रायरवर आहे, एचआयव्हीच्या गोळीचा कच्चा माल बनतो तिथे. गेल्या वर्षी मार्चपासून ओव्हरटाइम बंद, पांढऱ्या पावडरीचे निळे ड्रम गोडाऊनमधून हलेनात, आणि सुपरवायझर म्हणतो अमेरिकेने आफ्रिकेची मदत बंद केली म्हणून. ही थाप आहे की खरं?

औषधवाला_गुहागर: थाप नाही रे. 2003 साली बुशने पेपफार, म्हणजे एचआयव्हीविरुद्धची अमेरिकेची मदत योजना काढली, त्या पैशातून आफ्रिकेत गोळ्या वाटतात आणि त्यातल्या बहुतेक आपल्याकडच्या जेनेरिक, म्हणजे त्याच औषधाच्या दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या स्वस्त गोळ्या. 20 जानेवारी 2025 ला ट्रम्पने परदेशी मदत 90 दिवस गोठवली. नंतर जीव वाचवणाऱ्या औषधांना सूट दिली म्हणा, पण ऑर्डर देणारी माणसंच घरी बसवली, 1 जुलैला यूएसएडला, म्हणजे परदेशी मदत वाटणाऱ्या त्यांच्या खात्याला कुलूपच लागलं. आता गिऱ्हाइकच बसलं तर तुझे ड्रम कोण उचलणार?

परशुराम_घाट: त्यात भर घालतो. 2001 पर्यंत हाच इलाज वर्षाला 10-12 हजार डॉलरला पडायचा. मग आपल्या सिप्ला औषध कंपनीच्या हमीदांनी 350 डॉलरला देतो म्हणून सांगितलं नि सगळे हादरले. हे जमलं कारण आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाला पेटंट नव्हतंच, फक्त ते बनवायच्या पद्धतीला होतं, म्हणजे दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवता यायचं. 2005 ला ते बदललं, औषधालाही पेटंट आलं, तरी जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट घेऊ न देणारं 3(ड) कलम ठेवलंय, त्याच्यावरच 2013 ला नोव्हार्टिस ही परदेशी औषध कंपनी सुप्रीम कोर्टात हरली.

दाभोळखाडी: स्वस्त स्वस्त काय करताय, त्या स्वस्ताईत लोट्याचं सांडपाणी झेलणारी आमची खाडी धरली का कोणी? आमचे आजोबा पागायला गेले की टोपली भरून यायची, आता पाण्याला फेस येतो आणि जाळं धुवावं लागतं. आफ्रिकेतली माणसं जगू देत, त्याला ना नाही, पण सांडपाणी साफ करायचे पैसे त्या 350 डॉलरात होते काय?

परशुराम_घाट: भाऊ, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.

खेडचा_भाचा: भावाला फोन केला, ड्रमवर टेनोफोविर लिहिलंय म्हणे, एचआयव्हीच्या गोळीतलं औषध.

औषधवाला_गुहागर: अरे मग ते हिपॅटायटिस बी ला पण लागतं, इथे माझ्या दुकानात पण खपतं. माल उशिरा जाईल पण जाईल. ओव्हरटाइमचं मात्र गणपतीपर्यंत काही धरू नको म्हणावं त्याला.