लहान शहराचा पुनर्विकास: दुकाने, घरे आणि उद्योग एकाच आराखड्यात येत असतील तर काय तपासावे?

प्रश्न (आराखडावाचक)

बंद पडलेला मोठा कारखाना, त्याला लागून असलेली जुनी बाजारपेठ आणि मधली काही घरे असा सलग पट्टा मोकळा करून तिथे व्यापारी संकुल, निवासी इमारती आणि उद्योगांसाठी गाळे उभारण्याचे प्रस्ताव आता लाखभर वस्तीच्या किंवा त्याहूनही लहान शहरांपुढे येऊ लागले आहेत. अशा आराखड्यावर हरकती आणि सूचना नोंदवण्याची मुदत थोडी असते आणि त्या मुदतीत सामान्य नागरिकाच्या हाती प्रामुख्याने सादरीकरणातली चित्रे पडतात.

माझा पुनर्विकासाला विरोध नाही. कुंपणाआड वर्षानुवर्षे पडून राहिलेली जमीन शहराच्या उपयोगी यावी, असे मला मनापासून वाटते. मात्र मोठ्या शहरात एखादा प्रकल्प फसला तरी बाकीचे शहर त्याची झळ सोसून पुढे जाते. लहान शहरात तोच प्रकल्प म्हणजे मोकळ्या जमिनीचा, कर्जाचा आणि लोकांच्या विश्वासाचा बहुतेक सगळा साठा असतो. म्हणून विचारतो: रोजगाराच्या आश्वासनांना किती वजन द्यावे, जुन्या दुकानदारांबाबत कोणत्या अटी मागाव्यात, आणि घरे व उद्योग खरोखरच शेजारी नांदू शकतात का?

प्रतिसाद १ (दस्तऐवज)

रोजगाराच्या आश्वासनाबद्दल बोलायचे तर अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या न्यू लंडन या शहराची हकीकत प्रत्येक नगरसेवकाने वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन. पंधराशेहून अधिक लोकांना काम देणारे तिथले नौदलाचे केंद्र 1996 मध्ये बंद झाले. 1998 मध्ये शहरातील बेरोजगारीचे प्रमाण राज्याच्या जवळजवळ दुप्पट होते आणि लोकसंख्या चोवीस हजारांच्याही खाली आली होती. त्याच वर्षी फायझर या औषध कंपनीने फोर्ट ट्रम्बुल या वस्तीलगत संशोधन केंद्र उभारण्याचे जाहीर केले आणि शहराने त्या केंद्राला पूरक म्हणून शेजारच्या सुमारे 90 एकरांचा आराखडा तयार केला. त्यात हॉटेल, दुकाने, सुमारे ऐंशी नवी घरे, कार्यालये असे सगळे होते, आणि हजाराहून अधिक रोजगारांचा अंदाज होता.

काही घरमालकांनी जागा विकण्यास नकार दिला, तेव्हा शहराने सक्तीच्या संपादनाचा मार्ग धरला. सूझेट केलो आणि इतर घरमालकांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2005 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल शहराच्या बाजूने लागला. आर्थिक विकास हाही सार्वजनिक उपयोगच आहे, असे बहुमताने मानले. निकाल शहराला अनुकूल लागला, पण नेमलेल्या विकासकाला अर्थसाहाय्य उभे करता आले नाही. 2009 मध्ये फायझरनेही न्यू लंडनमधले केंद्र सोडण्याचा निर्णय जाहीर केला. घरे पाडून मोकळी केलेली जमीन त्या निकालानंतर दहा वर्षांहूनही अधिक काळ रिकामी राहिली.

या प्रकरणाची चर्चा बहुधा खासगी मालमत्तेच्या हक्कापाशी थांबते. लहान शहराच्या दृष्टीने मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते: संपूर्ण आराखडा एका उद्योगाच्या तिथे असण्यावर टेकलेला होता, तो उद्योग टिकेलच याची हमी कोणीही दिलेली नव्हती, आणि पाडकाम मात्र बांधकामासाठी पैसे हाती येण्यापूर्वी झाले. म्हणून सूचनांमध्ये तीन अटी ठामपणे लिहाव्यात. पुढच्या टप्प्याचा निधी बँकेच्या हमीसह निश्चित होईपर्यंत त्या टप्प्यातील एकही वापरातली इमारत पाडू नये. करातील सवलत रोजगाराच्या अंदाजावर देऊ नये. प्रत्यक्ष वेतनपटावरील माणसे मोजून ती वर्षागणिक द्यावी आणि उद्योग ठरावीक मुदतीआधी निघून गेला तर ती परत घेता यावी. तिसरी अट जमिनीची आहे: ठरलेल्या मुदतीत बांधकाम सुरू झाले नाही, तर जमीन कोणत्याही नुकसानभरपाईविना शहराकडे परत यावी. या अटी करारात लिहिलेल्या असाव्यात. सभेत तोंडी दिलेल्या आश्वासनावर पुढे कोणालाही बोट ठेवता येत नाही.

प्रतिसाद २ (पेठेतला)

दुकानांविषयी लिहितो, कारण आराखड्यांत त्यांचे क्षेत्रफळ दिलेले असते आणि हिशेब क्वचितच दिलेला असतो. लहान शहराची एकूण खरेदी मर्यादित असते. लोकसंख्या आणि उत्पन्न तेवढेच राहून दुकानांची जागा दीडपट झाली, तर नव्या संकुलातील विक्री बहुतांशी जुन्या पेठेतूनच उचललेली असते, आणि काही वर्षांत दोन्हीकडे रिकामे गाळे दिसू लागतात. त्यामुळे नव्या घरांत किती कुटुंबे येतील आणि ती किती दुकानांना पुरतील, हा हिशेब मागणे हा नागरिकांचा हक्क आहे.

दुसरा मुद्दा भाड्याचा. जुन्या इमारतीचा खर्च कधीच फिटलेला असतो, म्हणून तिथे शिलाईचे, घड्याळदुरुस्तीचे किंवा वह्या-पुस्तकांचे दुकान तग धरू शकते. नव्या बांधकामाला आपला खर्च भाड्यातून काढावाच लागतो. “जुन्या दुकानदारांना प्राधान्य” एवढेच लिहून भागणार नाही. किती वर्षे, कोणत्या दराने, कोणत्या रस्त्याकडे तोंड असलेला गाळा, आणि मधल्या काळात दुकान कुठे, हे चारही तपशील हवेत. मधल्या काळाचा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण गिऱ्हाइकाची सवय दोन वर्षांत मोडते आणि नंतर कितीही चांगला गाळा मिळाला तरी ती सहसा परत जुळत नाही.

आकर्षक चित्रांबाबतही सावध राहावे. अमेरिकेतील कॅलमझू शहराने 1959 मध्ये मुख्य रस्त्याचा भाग वाहनांना बंद करून पादचारी बाजारपेठ केली. तिचे देशभर अनुकरण झाले. 1998 मध्ये तिचा काही भाग पुन्हा वाहनांसाठी खुला करावा लागला. रस्त्यावर माणसे कोठून आणि कशासाठी येतील याचे उत्तर फरसबंदीतून मिळत नाही.

आराखडावाचक

दोघांचेही आभार. दोन्ही प्रतिसाद सावध करणारे आहेत. दुकाने, घरे आणि उद्योग एकत्र आणण्याचे काम लहान शहराला नीट साधले, असे एखादे उदाहरण आहे का?

प्रतिसाद ३ (छोटे भूखंड)

आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. जर्मनीतील ट्यूबिंगेन हे लाखाच्या आतल्या वस्तीचे विद्यापीठाचे शहर. तिथला फ्रेंच लष्करी तळ 1991 मध्ये रिकामा झाला आणि शहराच्या दक्षिण भागात मोठी जमीन एकदम मोकळी झाली. ती एखाद्या विकासकाला सलग देऊन टाकणे शहराला सोपे होते. शहराने जमीन स्वतः घेतली, रस्ते आणि सांडपाण्याची व्यवस्था केली आणि मग लहान लहान भूखंड पाडून ते ठरवलेल्या किमतीला विकले. खरेदीदार बव्हंशी भावी रहिवाशांचे गट होते. असे गट स्वतः वास्तुविशारद नेमून आपली इमारत बांधत. किंमत आधीच ठरलेली असल्यामुळे अधिक बोली लावणाऱ्याला भूखंड मिळण्याचा प्रश्न नव्हता. कोणता गट इमारतीत काय आणणार आहे, याला महत्त्व आले.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी संबंधित भाग पुढे आहे. रस्त्याकडेच्या आणि चौकातल्या इमारतींचा तळमजला दुकान, कार्यशाळा किंवा कार्यालयासाठी राखण्याची अट होती, त्यामुळे सुतार, छापखाना, दवाखाना असे व्यवसाय घरांच्या खालीच आले. जुन्या लष्करी इमारतीही सरसकट पाडल्या नाहीत. रणगाड्यांच्या एका शेडचे छप्पर तसेच ठेवून खाली सार्वजनिक जागा केली, आणि तिथे मुले पावसातही खेळतात. यात एखादा गट किंवा व्यवसाय अपयशी ठरला तरी एका भूखंडाचे नुकसान होते. वस्ती थांबत नाही. न्यू लंडनमध्ये जे घडले त्याच्याशी ताडून पाहिले, तर जमिनीचे तुकडे लहान ठेवणे हा लहान शहराचा विमाच आहे, असे मी म्हणेन. या पद्धतीला वेळ लागतो आणि पालिकेकडे सक्षम, टिकून राहणारे अधिकारी लागतात, ही तिची खरी किंमत आहे.

मोठ्या आवाजाचे किंवा रसायनांचे उद्योग अर्थातच वेगळ्या जागी हवेत. पण आधीपासून चालू असलेल्या कार्यशाळेच्या शेजारी नवी घरे येणार असतील, तर आवाज रोखण्याच्या भिंती आणि दुहेरी काचा यांचा खर्च नव्या इमारतीच्या बांधकामात धरावा, अशी अट घालता येते. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात 2018 पासून हे तत्त्व स्पष्टपणे आले आहे. अशी अट नसेल, तर नवे रहिवासी तक्रारी करतात आणि पन्नास वर्षांची कार्यशाळा बंद पडते.

प्रतिसाद ४ (माती)

कारखान्याच्या जमिनीत काय मुरले आहे, हे अजून कोणी विचारलेले नाही आणि मला त्याचीच सर्वाधिक काळजी वाटते. चामडे कमावण्याच्या जागी क्रोमियम, कोळशापासून वायू बनवण्याच्या जागी डांबरी अवशेष, धातूचे भाग धुण्याच्या जागी द्रावके सापडू शकतात. यांतली काही द्रावके वाफेच्या रूपाने जमिनीतून वर येऊन घराच्या हवेत मिसळतात. अमेरिकेतील नायगारा फॉल्स या शहरात 1942 ते 1953 या काळात एका अर्धवट कालव्यात सुमारे एकवीस हजार टन रासायनिक कचरा पुरला गेला. त्यानंतर ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला देण्यात आली, तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरे झाली, आणि 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली.

माती आणि भूजलाची तपासणी जमिनीची किंमत ठरण्याआधी व्हावी, तिचा अहवाल हरकतींच्या मुदतीतच लोकांसमोर असावा, आणि सफाईचा खर्च कोण करणार हे विक्रीच्या दस्तात लिहिलेले असावे. तपासणी नंतर झाली, तर खर्च वाढताच सर्वप्रथम परवडणारी घरे आणि बाग आराखड्यातून गळतात.

आराखडावाचक

कारखान्यात कोणत्या काळात काय बनत असे, याच्या जुन्या परवान्यांच्या नोंदी मागवणारा अर्ज सर्वांत आधी देतो. हरकतींच्या मसुद्यात पाडकामापूर्वी निधीची अट, भूखंडांच्या आकाराची कमाल मर्यादा आणि गाळ्यांच्या भाड्याचा कालावधी हे मुद्दे याच क्रमाने घेतो. मसुदा तयार झाला की इथे ठेवेन. भाषेतल्या पळवाटा कृपया दाखवून द्याव्यात.