दिवाळी अंक: पान १४ वरचा फोटो गेला कुठे? (परदेशातल्या मराठी मंडळाच्या ईमेल यादीवरून)

प्रेषक: अंक संपादक
गुरुवार, रात्री ११.४०
विषय: प्रूफ आलं, फोटो गायब

मंडळी, नमस्कार.

आज छापखान्यातून अंकाचं प्रूफ आलं. चौसष्ट पानं, कागद छान, मजकूर स्वच्छ. पण पान १४ वर अण्णांच्या लेखात फोटोच्या जागी पांढरा चौकोन आहे आणि खाली तेवढी ओळ छापली आहे: ‘वडिलांच्या छापखान्याच्या ओट्यावर’. लॅपटॉपवर तीच फाइल उघडली तर ओटा दिसतो, माणसंही दिसतात. म्हणजे मला वेड लागलेलं नाही.

पान २२ वर मराठी शाळेची मुलं आडवी झोपली आहेत. पान ३१ वरच्या गणेशोत्सवाच्या फोटोत सगळ्यांचे चेहरे निळे आणि केस पांढरे, बाप्पासकट. मलपृष्ठावर मंडळाच्या बोधचिन्हामागे काळा ठोकळा आलाय.

सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत शेवटची फाइल द्यायची आहे. ज्याला यातलं काही कळतं त्याने कृपया झोपू नये.

---

प्रेषक: वेबसाइटवाला
शुक्रवार, सकाळी ७.१०

ताई, झोपलो होतो, माफ करा.

एकच सांगा. हे चार फोटो मांडणी करतानाच घातले होते, की पीडीएफ तयार झाल्यावर वरून? आणि कोणी, कशात?

---

प्रेषक: उपसंपादक (म्हणजे वहिनी)
शुक्रवार, सकाळी ८.०५

मीच ती.

मांडणी नाशिकला माझा भाचा करतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने पूर्ण पीडीएफ पाठवली आणि दुसऱ्या दिवशी हे उशिराचे फोटो आले. त्याला पुन्हा उठवायचं जिवावर आलं. आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे त्याच्याकडे सकाळचे साडेसहा, आणि तो काही साडेसहाला उठणाऱ्यातला नाही.

म्हणून मी फुकटच्या पीडीएफ वाचकात फाइल उघडली. कॉपी-पेस्ट होईना. मग ‘स्टॅम्प’ म्हणून एक सोय सापडली, त्यात स्वतःचं चित्र घेता येतं. अण्णांचा फोटो त्यातून घातला, ओढून नीट बसवला, छान दिसला. बाकीचे तीन एका वेबसाइटवरून घातले, कारण तोवर स्टॅम्प कुठे होता तेच विसरले. खरं सांगते, ३१ नंबरचं पान मी उघडून पाहिलंच नाही. रात्रीचे दोन वाजले होते.

---

प्रेषक: वेबसाइटवाला
शुक्रवार, दुपारी १२.३०

वहिनी, तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत म्हणून पंधरा मिनिटांत उलगडा झाला, नाहीतर मी रविवारपर्यंत फाँटला दोष देत बसलो असतो.

पान १४ आधी. स्टॅम्प हा पानाचा भाग नसतो. आपण पीडीएफवर पिवळा हायलाइट मारतो किंवा टिपणाची चिठ्ठी चिकटवतो, त्याच जातीचा तो. पानाच्या वर तरंगतो. करून बघा: त्या फोटोवर क्लिक करा, भोवती चौकट येईल आणि ओढलात तर सरकेल. पानातला खरा फोटो असा सरकत नाही. छापताना ‘कॉमेंट्स अँड फॉर्म्स’ नावाचा एक पर्याय असतो. तिथे नुसतं ‘डॉक्युमेंट’ निवडलं की टिपणं, चिठ्ठ्या, स्टॅम्प सगळं वगळून फक्त पान छापलं जातं. छापखान्याने तेच केलं आणि बरोबर केलं. कुणाच्या पिवळ्या चिठ्ठ्या अंकात छापल्या गेल्या असत्या तर आपणच ओरडलो असतो.

मुलं आडवी का झोपली? फोन उभा धरा की आडवा, आतला सेन्सर ठिपके एकाच दिशेने साठवतो आणि फाइलला एक सूचना जोडतो, ‘दाखवताना नव्वद अंश फिरवा’. फोनवर, लॅपटॉपवर ती सूचना पाळली जाते, म्हणून फोटो उभा दिसतो. पीडीएफच्या आत गेल्यावर ती सूचना कुणी वाचत नाही. जो प्रोग्रॅम फोटो आत घालतो त्यानेच आधी ठिपके खरोखर फिरवून घ्यायचे असतात. त्या वेबसाइटने घेतले नाहीत.

निळे चेहरे: तो फोटो गेल्या वर्षीच्या छपाईच्या फोल्डरमधून उचललाय ना? तो आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांच्या हिशोबातला) नाही, सीएमवायके जेपेग आहे, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशोबात साठवलेला. फोटोशॉपच्या घराण्यातून आलेल्या अशा फाइलीत आकडे उलटे लिहायची जुनी रीत आहे: शून्य म्हणजे भरपूर शाई, २५५ म्हणजे शाईच नाही. ज्या प्रोग्रॅमला ही रीत ठाऊक नाही तो सरळ वाचतो आणि फोटोची निगेटिव्ह होते. आरजीबीत बदलून घातला की बाप्पा पूर्ववत.

बोधचिन्हाचा काळा ठोकळा सगळ्यात सोपा. मूळ पीएनजी पारदर्शक आहे. वेबसाइटने त्याचं जेपेग केलं. जेपेगला पारदर्शक हा प्रकारच ठाऊक नाही, आणि पारदर्शक ठिपक्यांच्या पोटात बहुतेक वेळा काळा रंग असतो. तो उघडा पडला.

तातडीचा उपाय: ‘डॉक्युमेंट अँड मार्कअप्स’ निवडून फाइल पुन्हा पीडीएफमध्येच प्रिंट केली की स्टॅम्प पानात मुरतो. तरी मला तो पसंत नाही. का ते नंतर, आत्ता मीटिंग आहे.

---

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार, दुपारी १.१५

कुणीतरी ३८ एमबीची फाइल यादीवर टाकायचा प्रयत्न केलाय. जीमेलची मर्यादा २५ आहे. दुवा पाठवा, फाइल नको. आणि दुसऱ्या प्रूफचे पैसे वेगळे पडतात हे सर्वांनी ध्यानात ठेवावं.

---

प्रेषक: अण्णा
शुक्रवार, रात्री ९.२०

सर्वांस स. न. वि. वि.

चि. वेबसाइटवाल्याने लिहिलेलं दोनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा हसू आलं, कारण हा फोटो गायब होण्याचा प्रकार मी साठ वर्षांपूर्वी पाहिला आहे.

आमच्या वडिलांचा खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचा छापखाना होता. पायाने चालवायचं ट्रेडल मशिन, दोन कंपोझिटर, आणि शाळेतून आल्यावर खिळे परत आपापल्या घरात (कप्प्यात) टाकायला मी. मजकुराचे खिळे जुळवून चौकटीत आवळायचे, आणि फोटो असेल तर त्याचा ब्लॉक बनवून आणायचा. धातूचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला. आता गंमत अशी की त्या ठोकळ्याची उंची खिळ्याच्या उंचीइतकीच लागते. केसभर कमी झाली तरी शाईचा रूळ त्याच्यावरून कोरडा जातो. मजकूर काळाकुळकुळीत आणि फोटोच्या जागी पांढरा चौकोन! मग वडील ठोकळ्याखाली कागदाच्या पट्ट्या सारत बसायचे. एक पट्टी, एक छाप. आणखी एक पट्टी, आणखी एक छाप.

म्हणजे सूनबाई, तुम्ही ब्लॉक चौकटीत आवळलाच नाही, नुसता वर ठेवलात. रागवत नाही. मीही एकदा ठेवला होता आणि वडिलांनी ट्रेडल थांबवून माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं.

एक शंका. हल्ली जो तो ‘३०० पाहिजे, ३०० पाहिजे’ म्हणतो. आमच्या वेळी वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचात ६५ ओळींचा स्क्रीन (फोटोचे ठिपके पाडणारी जाळी) आणि गुळगुळीत आर्ट पेपरला १३३ चा. हे तीनशे कुठून आले?

---

प्रेषक: वेबसाइटवाला
शुक्रवार, रात्री १०.४५

अण्णा, तीनशे तुमच्याच घरून आले. गुळगुळीत कागदावर आजही इंचाला साधारण दीडशे ओळींचा स्क्रीन असतो आणि दर ओळीमागे दोन पिक्सेल हाताशी असावेत असा छापखान्यांचा ढोबळ हिशोब. दीडशे दुणे तीनशे.

पण हे तीनशे पिक्सेल कागदावरच्या इंचाला. फाइलच्या माहितीत कुठेतरी ‘३०० डीपीआय’ लिहिलंय याला काही अर्थ नाही. तुमचा मूळ फोटो तीन इंच रुंद आहे. तो ३०० वर स्कॅन केला म्हणजे ९०० पिक्सेल झाले, आणि पानावर आपण तो सहा इंच रुंद लावलाय. उरले १५०. म्हणून ६०० वर पुन्हा स्कॅन कराल का? काच पुसून.

मला यादीवरच्या सगळ्यांचाच राग आहे तो व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंवरून. साधा फोटो म्हणून पाठवलात की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. तीनशेच्या हिशोबाने जेमतेम सव्वापाच इंच. अर्ध्या पानाला ठीक, पूर्ण पानाला नाही. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ जसाच्या तसा येतो. हे मी गेल्या दिवाळीलाही लिहिलं होतं.

---

प्रेषक: मराठी शाळेची ताई
शनिवार, सकाळी ९.३०

मुलांचा मूळ फोटो आयफोनवरचा आहे, एचईआयसी नावाच्या फाइल प्रकारातला. कुठेच घेत नव्हतं म्हणून मी नावातलं शेपूट बदलून जेपीजी केलं. तरी घेत नाही.

---

प्रेषक: वेबसाइटवाला
शनिवार, सकाळी ९.४०

ताई, बरणीवरची चिठ्ठी बदलून लोणच्याचा मुरांबा होत नाही :-) मॅकवर ‘प्रिव्ह्यू’त उघडून एक्स्पोर्ट करताना जेपेग निवडा. पुढच्या वेळेसाठी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, ‘मोस्ट कंपॅटिबल’.

---

प्रेषक: अंक संपादक
शनिवार, दुपारी ४.००

मी तातडीचा उपाय केला. स्टॅम्प मुरला. पण प्रिंट करताना ‘फिट’ (पान कागदात मावेल असं लहान करायचा पर्याय) चालूच राहिला, त्यामुळे सगळी पानं थोडी आक्रसली आणि मुखपृष्ठाच्या रांगोळीला चारी बाजूंनी पांढरी किनार आली. कापताना पांढरं दिसू नये म्हणून कडेच्या पलीकडे ठेवलेला आठवा हिस्सा इंच रंगही गेला.

मग म्हटलं, पीडीएफ वर्डमध्येच उघडू आणि फोटो सरळ घालू. उघडलं. ‘दिवाळी’ची ‘दि’ एका ओळीत आणि ‘वाळी’ दुसऱ्या. ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटल्या आहेत. ‘श्री’च्या जागी चौकोन. कवितांचं पान मी बघू शकले नाही. बंद केलं, सेव्ह केलं नाही, चहा केला.

---

प्रेषक: वेबसाइटवाला
शनिवार, दुपारी ४.२५

सेव्ह केलं नाहीत, देव पावला.

काल दुपारी जे सांगायचं राहिलं ते हेच होतं. पीडीएफमध्ये आपण समजतो तसे शब्द नसतात. ‘ही आकृती इथे, ती आकृती तिथे’ अशी मांडामांड असते. इंग्रजीत एका अक्षराला बहुधा एक आकृती, त्यामुळे परत शब्द जुळवणं निभावतं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, पण कागदावर आधी. जोडाक्षराची वेगळीच आकृती. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. हे उलट दिशेने वाचून मूळ शब्द जुळवताना प्रोग्रॅम गडबडतात. छापायला पीडीएफ उत्तम, पण तिच्यातून मराठी मजकूर परत काढायला जाऊ नये. मराठी अंकाच्या तयार पीडीएफमध्ये फोटो घालणं म्हणजे लाटून भाजून झालेल्या पोळीत पुरण भरणं.

तेव्हा नाशिकला उठवा. चारही फोटो त्याच्या मूळ फाइलीत जाऊ देत आणि त्याच्याकडूनच नवी पीडीएफ येऊ दे. त्याला दोन गोष्टी सांगा. बोधचिन्ह पीएनजीच ठेव, जेपेग नको. आणि पानाचा आकार तपास. भारतात ए-४, इथला छापखाना लेटर. लेटर रुंदीला सहा मिलिमीटर जास्त आणि उंचीला अठरा मिलिमीटर कमी. मला शंका आहे की पान ४० वरचा तळाचा फोटो त्यामुळेच कापला गेलाय आणि अजून कुणी पाहिलेलं नाही.

---

प्रेषक: अंक संपादक
शनिवार, दुपारी ४.३१

पाहिलं. कापला गेलाय.

---

प्रेषक: उपसंपादक (वहिनी)
रविवार, सकाळी १०.१५

भाच्याशी बोलले. पहिलं वाक्य: ‘मामी, तू पीडीएफला हात लावलास?’ दुसरं वाक्य इथे लिहिण्यासारखं नाही. पण पठ्ठ्याने तीन तासांत सगळं लेटरवर आणलं, फोटो बसवले, नवी फाइल दिली. प्रत्येक फोटोवर क्लिक करून पाहिलं, एकही सरकत नाही. ३१ नंबरचं पान तर चारदा उघडलं.

---

प्रेषक: अंक संपादक
बुधवार, रात्री ८.५०

दुसरं प्रूफ आलं. १४ आहे, मुलं उभी आहेत, बाप्पा शेंदरी आहेत, बोधचिन्हामागे कागदच आहे, ४० वर पाय दिसतात. रांगोळीचा गुलाबी पडद्यावरच्यापेक्षा जरा मळका वाटतो, पण चार शायांत तेवढा भडक गुलाबी बसत नाही असं छापखान्याने सांगितलं, आणि मी आता कुणाशीही भांडणार नाही. उद्या छपाईला हिरवा कंदील देते. कुणाची काही हरकत?

---

प्रेषक: अण्णा
बुधवार, रात्री ९.४०

सर्वांस नमस्कार. फोटो उत्तम उठला आहे. भिंतीवरच्या पाटीचं अक्षर न् अक्षर वाचता येतं, ते मूळ फोटोत मला भिंगातूनही दिसत नव्हतं.

हरकत एकच. ओळीत लिहिलं आहे ‘उजवीकडून दुसरा लेखक’. तो माझा धाकटा भाऊ. मी ट्रेडलच्या मागे आहे, फक्त कोपर दिसतं. बदलणं जड जात असेल तर राहू द्या, मात्र त्याला अंक पाठवू नये.